राहीबाईंची राखण

मी महाडच्या कोर्टात बेलीफ आहे, बावीस वर्षं झाली. आधीच सांगून टाकतो, कारण हे ऐकलं की निम्म्या लोकांचं तोंड वाकडं होतं. लोकांना वकील चालतो, पोलीस चालतो, वीज तोडायला आलेला वायरमनसुद्धा चहा पिऊन जातो. बेलीफ दारात दिसला की मात्र त्या घरात अचानक कुणीच राहत नसतं. आतून टीव्हीचा आवाज येतोय, फोडणीचा वास येतोय, आणि दाराला आतून कडी. जप्त केलेलं कपाट मी काय माझ्या घरी नेऊन ठेवतो का? असो. चिडचिड या नोकरीतच आहे, तिला इलाज नाही.

शेकडो दारं बघितली. त्यातलं एकच असं, की जिथून परत फिरताना त्या घरच्या माणसाला नमस्कार करावा असं मनापासून वाटलं. ते दार राहीबाईंचं. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता वर चढतो. तो संपतो तिथे आसणवाडी. आठ घरं, एक देऊळ, एक विहीर. जवान माणसं बरीचशी मुंबईला.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या नाझरसाहेबांनी, म्हणजे आम्हा बेलिफांच्या वरच्या अधिकाऱ्यांनी, माझ्या हातात एक वॉरंट ठेवलं. दोन वर्षांपूर्वी झालेला दंड भरलेला नाही, तरी राहीबाई महिपती यांच्या घरातल्या वस्तू जप्त करून वसुली करा. दंड आणि भरपाई मिळून पंचवीस हजार. जप्त करण्याजोगं काही सापडलं नाही तर मंगळवारपर्यंत तसा अहवाल द्या; मग दंडाच्या बदल्यात पंधरा दिवसांची कैद. खाली आरोपीचं वय लिहिलं होतं, एकाहत्तर.

"या वयाच्या बाईनं असं केलंय तरी काय?" मी विचारलं.

"जंगल जाळलंय," नाझरसाहेब म्हणाले आणि पुढचा कागद उचलला.

मी जुनी फाईल काढून वाचली. आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, गवत, शेण रोपांच्या जागेवर पसरायचं आणि मार्च-एप्रिलात पेटवून द्यायचं. त्या वर्षी आसणवाडीच्या आठही घरांनी एकाच दिवशी राब लावला होता. वारा फिरला, आग बांध ओलांडून फॉरेस्टच्या रोपवनात शिरली आणि सातशे रोपं गेली. चौकशीला साहेब आले तेव्हा सगळी वाडी खाली मान घालून उभी. राहीबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, राखण माझी होती, माझं नाव लिहा. कोर्टातही त्यांनी वकील दिला नाही. गुन्हा कबूल, म्हणाल्या. फाईल संपली.

मी शुक्रवारी निघालो. माझ्याबरोबर यायचा हवालदार, कशेडी घाटात एक ट्रक आडवा झाला होता, तिकडे अडकला, म्हणून एकटाच गेलो. मोटारसायकल खाली वडाजवळ लावली, कारण वरचा चढ माझ्या गाडीलाही झेपत नाही आणि मलाही. घामाघूम होऊन वर पोहोचलो तर वाडीत चिटपाखरू नाही. माझ्या खांद्यावरची कोर्टाची पिशवी लोक दोन वळणं आधीच ओळखतात. सात दारं बंद. आठवं सताड उघडं, आणि पडवीत एक उंच, वाळकी म्हातारी तांब्याचा भलामोठा टोप चिंचेनं घासत बसलेली. तिच्याभोवती तसलीच आणखी दहा भांडी. हंडे, टोप, पराती. ऊन पडून सगळी झळझळत होती.

"कोर्टाचा हायस ना?" तिनं मान वर न करता विचारलं. "बस. पाणी पी, मंग बोल."

"पाणी नको, आजी," मी म्हणालो. "जप्तीच्या घरचं मी पाणी पीत नाही. माझा नेम आहे."

"जप्ती?" आता तिनं मान वर केली. "कसली?"

मी वॉरंट वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, हात धुतले, पदराला पुसले.

"पण दंड तर भरला, बाबा. आमच्या गावकीनं ठरवलं व्हतं. राब सगळ्यांचा, दंड बी सगळ्यांचा. पावती मुंबईच्या मंडळाकडं असंल."

आता हे मंडळ प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडच्या प्रत्येक वाडीला दोन डोकी असतात. एक गावकी, म्हणजे वाडीत राहणाऱ्यांची बैठक, आणि दुसरं मुंबई मंडळ, म्हणजे नोकरीला गेलेल्यांचं. देवळाचा कळस, विहिरीचा पंप, शिमग्याची पालखी, सगळं हे दोघं मिळून करतात आणि मिळूनच अडकवून ठेवतात. मी तिथूनच मंडळाच्या अध्यक्षाला, हर्षद नावाच्या माणसाला, फोन लावला.

"दंड ना? तो गावकीनं भरला," तो म्हणाला. "देवळाच्या पैशातून. आम्ही तेव्हा कळसाचं बघत होतो."

"गावकीला वाटतंय मंडळानं भरला."

मग तो म्हणाला, "रविवारी मीटिंग घेतो, विषय मांडतो." माझं डोकं असं फिरलं की मी फोनच बंद केला. दोन वर्षं दोन बाजूला पन्नास शहाणी माणसं बसली होती आणि एकालाही पावती बघावीशी वाटली नाही. आणि कागदावर नाव कुणाचं, तर या म्हातारीचं.

मला वाटलं, आता ही गावकीच्या नावानं शिव्या घालणार, निदान कपाळावर हात तरी मारून घेणार. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "म्हंजे भरलाच नाय." आणि उठून उभी राहिली. "चल, घर दाखवते."

घर बघायला पाच मिनिटं लागली. रोजच्या स्वयंपाकाची भांडी, नांगर, दुभती म्हैस, यांना मी हात लावत नाही. उरला एक टीव्ही, तोही दोन पावसाळ्यांपूर्वी वीज पडून गेलेला. पत्र्याची एक पेटी, आत तीन लुगडी आणि नवऱ्याचा फोटो. महिपती मुंबईला एका छापखान्यात होते, वारून अकरा वर्षं झाली. मुलगा मंगेश विरारला राहतो, रोज फोन करतो. कानातल्या कुड्यांकडे माझी नजर गेली तशी ती म्हणाली, "पितळंच्या हायत. सोन्याच्या सुनंला दिल्या." वॉरंट घेऊन आलेल्या माणसाशी इतकं सरळ बोलणारं कुणी मी आजवर बघितलं नव्हतं. माणसं माझ्यासमोर सोन्याला पितळ म्हणतात, हिनं मला काडीनं खरवडून दाखवलं.

मग आम्ही परत पडवीत आलो आणि मी त्या अकरा भांड्यांकडे बघितलं. अस्सल जुनं तांबं. मोडीच्या भावानं विकलं तरी दंड फिटून वर पैसे उरतील. मी पिशवीतून कागद काढला आणि लिहायला बसलो. तांब्याचे टोप, मोठे, नग तीन.

"ते नको लिवू," राहीबाई म्हणाल्या. "ती माझी नाय."

"तुमच्या घरात आहेत ना?"

त्यांनी एक टोप उचलून माझ्यापुढे उलटा केला. बुडावर नाव कोरलेलं होतं, आसणवाडी गावकी. मग दुसरा, मग तिसरा, मग पराती. अकराही भांडी त्यांनी मला एकेक करून दाखवली. वाडीची सामाईक भांडी, दर वर्षी एका घराकडे राखणीला असतात. ते वर्ष राहीबाईंचं होतं. मागे एकदा पावसात घाट चार दिवस बंद पडला होता तेव्हा अडकलेल्या ड्रायव्हरांना याच टोपांतून पिठलंभात गेला होता, आणि तो शिजवला होता राहीबाईंनी. हे मला नंतर पोलादपूरच्या एका टपरीवाल्यानं सांगितलं. त्यांनी स्वतः अवाक्षर काढलं नाही.

आता मी जे केलं ते माझ्या नोकरीत बसत नाही, पण मला त्या बाईची कणव आली होती. मी आवाज खाली आणला. "आजी, ऐका माझं. तुम्ही फक्त गप्प बसा. भांडं कुणी उलटं करून बघत नाही, मीही बघितलं नाही. मी भांडी लिहितो, खाली नेतो. बघा, संध्याकाळच्या आत सगळी वाडी पैसे घेऊन माझ्या मागं पळत येते की नाही. दंड त्यांचा, भांडी त्यांची. यात अन्याय कुणावर आहे? नाहीतर तुमच्या घरात काही सापडलं नाही असं मला लिहावं लागेल, आणि मंगळवारी तुम्हाला पंधरा दिवस आत जावं लागेल. कळतंय का?"

"कळतंय की," त्या म्हणाल्या. "पण रविवारी शेजारच्या शकूच्या लेकीचं, अपेक्षाचं लगीन हाय. दोन वाड्यांची माणसं जेवायची. ती काय तुझ्या पिशवीत शिजवायची?"

"एका लग्नापायी तुरुंगात जाणार?"

"लग्नापायी नाय रे." त्या खाली बसल्या, टोप पुन्हा मांडीवर घेतला. "माझ्याकडं राखणीला दिलंय. पुढचं घर येऊन मोजून घेईपर्यंत माझ्या पडवीतून हलायचं नाय. ही रीत हाय आमची. एकदा मोडली मी, तिचंच तर हे चाललंय."

मी पेन खाली ठेवलं. "कधी मोडलीत?"

"राबाच्या दिशी." त्यांनी चिंचेचा गोळा उचलला आणि घासू लागल्या. "बारापर्यंत राखण माझी व्हती. म्हस इकडं अडली व्हती, रेडकू येईना. बारा वाजले, आग बसलेली दिसली, मी उतरले खाली. पुढचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत जागा सोडायची नसते. मी सोडली. मागनं वारा फिरला."

"म्हणजे आग लागली तेव्हा तुमची वेळ संपलेली होती?" मी चाट पडलो. "मग पुढची राखण कुणाची होती?"

राहीबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, पण शाळेत बाई बघतात तसं.

"तुझ्या कागदावर हाय का त्याचं नाव?"

"नाही."

"मंग तू कशाला इचारतोस?"

आता काय लिहिणार? जप्तीयोग्य काही आढळलं नाही, असाच पंचनामा. त्यालाही दोन पंच लागतात, आणि वाडीची सात दारं बंद. मी दोन दारं वाजवली. एका दारातून खोकल्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. मी वैतागून राहीबाईंना म्हणालो, पंच मिळाले नाहीत तर मला पोलीस घेऊन पुन्हा चढावं लागेल.

"या उन्हात दोन येळा?" त्या उठल्या. "थांब जरा. पंच मी आणते."

स्वतःच्या जप्तीला स्वतः पंच गोळा करणारं माणूस तुम्ही बघितलंय? मी बघितलं. वाडीच्या मधोमध उभं राहून त्यांनी हाक मारली. "सोमा, बाहेर ये रे. प्रवीण, तू बी ये. तो बिचारा चढून आलाय, त्याचं काम अर्धं राहतंय. दंड कुणी मागत नाय तुमच्याकडं, सही करा नि जा."

दोन दारं उघडली. सोमा, ज्याच्या मुलीचं लग्न होतं तो, शकूचा नवरा, हात जोडतच आला. त्याच्यामागून प्रवीण, चाळिशीचा, पोलादपूरला टेम्पो चालवतो आणि गावकीचा चिटणीस आहे. पैसे भरले की नाही हे बघायचं काम खरं तर याचंच. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणालो, चिटणीस म्हणवता आणि म्हातारीला आत पाठवता, लाज आहे का? राहीबाईच मला म्हणाल्या, "त्याला नको बोलू. दोन्हीकडं घोळ झाला, एकट्याचा नाय."

मी पंचनामा वाचून दाखवला. सोमानं सही केली. प्रवीणनं पेन घेतलं आणि तसाच बसून राहिला. पडवीतल्या भांड्यांकडे बघितलं, राहीबाईंकडे बघितलं. त्या टोप घासतच होत्या, मान खाली. शेवटी त्यानं सही केली, ती एवढी वेडीवाकडी की मी त्याला खाली पुन्हा नाव लिहायला लावलं. तेव्हा मला वाटलं, माझं बोलणं लागलं असेल.

निघताना राहीबाई म्हणाल्या, "माझ्या घरचं पाणी चालत नाय, तर सोमाच्या घरचं पी. नेम बी राहील नि तू बी राहशील." मी सोमाच्या ओट्यावर दोन तांबे पाणी प्यायलो. उतरताना त्यांनी मागून विचारलं, मंगळवारी किती वाजता यायचं आणि आत सोबत काय काय नेऊ देतात. मी सांगितलं. जरा करड्या आवाजातच सांगितलं.

मंगळवारी साडेदहाला मी कोर्टात पोहोचलो तर व्हरांड्यातल्या बाकावर राहीबाई आधीच बसलेल्या. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. मांडीवर गाठोडं. दोन लुगडी, नाचणीच्या भाकऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

"लग्न कसं झालं?" मी विचारलं.

"झ्याक. काल भांडी पुढच्या घराला मोजून दिली. अकरा. एकाला बी पोचा नाय." हे सांगताना त्या जेवढ्या खूश दिसल्या तेवढी खूश बाई त्या व्हरांड्यात मी कधी बघितली नाही. "म्हस शकूकडं दिली. मंगेशला सांगितलं नाय. पंधरा दिवस फोन लागला नाय तर डोंगरात रेंज नाय असं म्हणंल."

अकराला कोर्ट बसलं. पुकारा झाला, राहीबाई आत जाऊन उभ्या राहिल्या. मी अहवाल दिला. न्यायाधीश बाई होत्या, नव्या, बत्तीस-तेहतीसच्या. त्यांनी अहवाल वाचला, मग समोरच्या गाठोड्याकडे बघितलं. दंड भरता येणार आहे का, असं त्यांनी विचारलं. राहीबाई म्हणाल्या, "नाय, बाईसाहेब. मी तयारीनं आलेय."

तेवढ्यात मागच्या दारात गडबड झाली. शिपाई कुणालातरी अडवत होता. प्रवीण होता. घामानं निथळत होता आणि काखेत त्याचंही एक गाठोडं. तो सरळ पुढे येऊन राहीबाईंच्या शेजारी उभा राहिला.

"बाईसाहेब, त्या दिवशी बारानंतर राखण माझी होती," तो म्हणाला. "पोलादपूरला क्रिकेटची मॅच होती, मी तिकडं गेलो. म्हटलं, काकी आहे, बघेल. परत आलो तर सगळं पेटलेलं. तेव्हा बोललो नाही, दोन वर्षं बोललो नाही. हिनं कुणाला सांगितलंही नाही. शुक्रवारी हिच्याच पंचनाम्यावर माझी सही घेतली. काल गावकीपुढं सगळं सांगितलं. पैसे आणलेत, पण आत कुणाला पाठवायचं असेल तर मला पाठवा."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, की खटला निकाली निघालाय, नाव बदलता येत नाही आणि कैदही बदलून घेता येत नाही. मात्र दंड कुणीही भरला तरी चालतो. भरा आणि आजींना घरी न्या.

पैसे भरले. कुणाचे किती होते ते मी विचारलं नाही, पण प्रवीण त्या दिवशी टेम्पोऐवजी एसटीनं आला होता हे माझ्या लक्षात आलं. पावती राहीबाईंच्या नावानं फाडली. त्यांनी ती दोनदा वाचली, चौथी शिकलेल्या आहेत, आणि घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

बाहेर व्हरांड्यात त्या पुन्हा त्याच बाकावर बसल्या. प्रवीण समोर उभा, मान खाली. मला वाटलं, आता तरी त्याचा कान उपटतील. मी मुद्दाम जवळच घुटमळलो, कारण मला ते ऐकायचं होतं. माझ्या मते त्यानं चांगली बोलणी खायला हवी होती.

"काकी," तो म्हणाला.

राहीबाईंनी त्याच्या काखेतलं गाठोडं काढून घेतलं, आपल्या गाठोड्याबरोबर बाकावर ठेवलं आणि त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. बराच वेळ बघितलं त्याच्याकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आलास ना राखणीला?" त्या म्हणाल्या. "मंग आता मी जाते."